तळ्याचं पाणी कुणी नासवलं?

"आज काहीही झालं तरी तळं नासवणारा चोर पकडायचाच," नयनाने जाहीर केलं, तेव्हा नंदू आणि कमला चपला शोधायलाही लागले होते.

गोरव्यात तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि मधूनमधून शेतं टिकून होती. दर उन्हाळ्यात नयना लहरीपुऱ्याहून भास्करमामांकडे राहायला यायची. नंदू आणि कमला ही मामांची मुलं. दिवसभर तळ्यात डुंबायचं, कडुलिंबाखाली बसून तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या खायच्या! तसं सुख तिला पुढे कुठल्याच सुट्टीत मिळालं नाही. पण त्या वर्षी तळ्याला उग्र वास येऊ लागला आणि म्हशी पाण्याला तोंड लावीनात.

तळ्याकाठी बापूभाई रंगारी ओढण्या धुवायचे. नयनाला तेवढा पुरावा पुरला. पारावरच्या मंडळींना तिने त्यांचं नाव सांगितलं. मंडळींनीही शहानिशा न करता बापूभाईंचं काम बंद पाडलं. कुणीतरी त्यांच्या ओल्या ओढण्या मातीत भिरकावल्या.

पुढचे कितीतरी दिवस बापूभाई तळ्याकडे फिरकले नाहीत. वास मात्र वाढतच गेला.

आपण भलत्याच माणसाचं नाव घेतलं हे कळून नयना रडू लागली. मामा रागावले नाहीत. "रडून ओढण्या स्वच्छ होत नाहीत," एवढंच म्हणाले.

तिघं बापूभाईंच्या अंगणात गेली. नयनाने माफी मागितली. त्यांनी नुसती बादली पुढे सरकवली. मुलं ओढण्या खळबळू लागली. लाल रंग सुटून पाण्यात मिसळून गेला, आणि नयना थबकली. तळ्यावर तर चकाकता तवंग तरंगत होता.

"नंदू, तो रंग नाहीच. तेल आहे!"

या वेळी तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. तवंगाच्या मागावर काठाकाठाने जाताना बाभळींआड एक नाली सापडली. ती एका कारखान्याच्या भिंतीखालून येत होती. चौकीदाराने त्यांना हाकललं. मग नंदूने मुद्दाम विटी भिंतीपलीकडे टोलवली आणि ती आणायला म्हणून आत शिरला. मागच्या बाजूला पिंपं कलंडली होती आणि काळं तेल सरळ नालीत गळत होतं. कारखान्यातल्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी "जा, खेळा" म्हणून वाटेला लावलं.

शेवटी नयना फाटकाशी मालकांच्या, उदयसिंहरावांच्या, मोटारीपुढे उभी राहिली.

"काका, आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच येऊन बघा."

भिंतीमागच्या चिखलात त्यांचे बूट रुतले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पिंपं त्याच दिवशी हलली, नाली बुजवली गेली, कामगारांनी पेंढा टाकून तवंग काढायला घेतला. संध्याकाळी उदयसिंहरावांनी पारावर येऊन बापूभाईंपुढे हात जोडले आणि मुलांची पाठ थोपटली. मंडळींनीही खाली मान घालून माफी मागितली. मग ज्याच्या त्याच्या तोंडी मुलांचं कौतुक! नयना मात्र बापूभाईंकडेच बघत होती.

ते तिच्याजवळ आले आणि आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले, "बेन, भूल सगळ्यांची होते. पण भूल करून तू आपणहून माझ्या अंगणात आलीस ना, ते मला फार गमलं, फार आवडलं."