वारा नसलेल्या गावात

कोळशाच्या रोविनारी गावाला निघालेल्या मिनीबसमध्ये एकच जागा उरली होती, स्मरांदाच्या शेजारची. पावसात भिजलेला एक उंच तरुण तिथे टेकला आणि दचकलाच. तिच्या पिशवीतून डोकावणारी कांद्याची लांबलचक पात थेट त्याच्या कानात शिरली होती.

“बाई, तुमची भाजी माझ्या कानात काहीतरी सांगतेय.”

“मग ऐका की! शहाणी आहे ती.”

तो मोकळेपणाने हसला. नाव यांकू, राहणार दोब्रोजाचा, समुद्राकडचा. पुढचं काही विचारायच्या आत तिचा थांबा आला. खिडकीतून तो पाहतोय हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम वळली नाही... रस्ता ओलांडल्यावर मात्र वळली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या वीजकेंद्राच्या सभागृहात, मंचावर उभा! भट्ट्यांना कोळसा पुरवणारा पट्टा स्मरांदा चालवायची. सरकार कोळसा बंद करणार होतं; एक भट्टी थंडावली होती, बाकीच्याही विझणार होत्या. कामगारांना पवनचक्क्यांवर चढून काम करायला शिकवणारा माणूस येणार होता, तो हाच. तिला पाहून तो वाक्यच विसरला.

“माझा एक प्रश्न आहे,” स्मरांदा उभी राहिली. “तुमच्याकडे वारा आहे. आमच्याकडे झाडाचं पान हलत नाही. मग कोळसा गेला की आम्ही काय करायचं? गाव उचलून तुमच्याकडे यायचं?”

“म्हणजे... तसं नाही...” त्याचे कान लाल झाले.

संध्याकाळी तो फाटकापाशी उभा होता. “सगळ्यांसमोर फजिती केलीत माझी.”

“उत्तर नव्हतं, म्हणून झाली.”

“शोधतो. तोवर कॉफी?”

कॉफीवर कॉफी होत गेली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. सरावाच्या मनोऱ्यावर ती सगळ्या पुरुषांच्या आधी चढायला शिकली. एकदा तो तिच्या कमरेचा पट्टा आवळत होता... आवळतच होता.

“बकल लावायला एवढा वेळ लागतो?”

“नाही लागत,” तो खाली मान घालून म्हणाला.

“समुद्राकडचा पोरगा!” बाबा घरी चिडवायचे. “नुसते मासे खातात, अंगात ऊब नसते त्यांच्या!”

“तुम्हाला काय माहीत, बाबा,” असं ती बोलून गेली, आणि मग जीभ चावत स्वयंपाकघरात पळाली.

वसंतात प्रशिक्षण संपलं. जायच्या दिवशी यांकू म्हणाला, “चल माझ्याबरोबर. तिथे काम आहे. आणि... मी आहे.”

तिने त्याचा हात घट्ट धरला. पण ती म्हणाली, “माझे दोघे भाऊ इटलीला गेले. शेजारचं घर बंद, त्याच्या पलीकडचंही बंद. मीही निघाले, तर या गावात दिवा लावायला राहील कोण? ये म्हणू नकोस, यांकू. मी येईन, आणि मग तुझ्यावरच रागवेन.”

तिच्या गालावरची ओली बट त्याने कानामागे सारली आणि बसमध्ये चढला.

उन्हाळ्यात वीजकेंद्राच्या राखेच्या जुन्या ढिगाऱ्यावर सौरऊर्जेच्या काचा बसू लागल्या. वारा नव्हता, पण ऊन काही कमी नव्हतं. स्मरांदाला तिथे काम मिळालं. एका दुपारी काचांच्या रांगेत ती तारा जोडत होती. मागून कुणीतरी पाना पुढे केला. न बघताच तिने तो घेतला, आणि मग तो हात ओळखला.

“तू? इथे?”

“बदली मागून घेतली. पवनचक्कीवाल्यांनी वेड्यात काढलं.”

“वारा सोडून आलास?”

“तिकडे काही सांगायचं तर ओरडावं लागतं, स्मरांदा. आणि मला जे सांगायचंय, ते ओरडून सांगण्यासारखं नाही.”

तो तिच्या कानाशी वाकला. अगदी हलक्या आवाजात त्याने ते सांगितलं. भोवताली गवताची काडीसुद्धा हलत नव्हती. शब्द न् शब्द तिला ऐकू आला.

“काय म्हणालास?” तिने डोळे मिटून विचारलं. “वारा फार आहे ना... पुन्हा सांग.”