दुसऱ्या खोऱ्यातलं रक्त

बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हा आमच्या पक्षिघराचा एकच नियम. तो त्याने पहिल्याच पावलाला मोडला.

"दार लाव, गाढवा! पोपट पळतील!"

"हात रिकामे नाहीत."

तो पावसाने निथळत होता. जॅकेटच्या आत, छातीशी, ऊबदार डबी. डबीत पलीकडच्या खोऱ्यातली चार अंडी. दार मीच पायाने ढकललं. त्याच्या पापणीवर एक थेंब थांबला होता... मी डबीकडेच बघत राहिले.

त्याचं नाव पारातेने. झाडांवर चढून ढोलीतली अंडी आणायची हे त्याचं काम. पोपटांच्या जोड्या जुळवायच्या हे माझं. त्या सकाळीच मी एक जोडी तोडली होती. मादी जाळीला धडका देत होती.

"प्रेमात पडलेल्यांना वेगळं करायचा पगार घेतेस?"

"भाऊ-बहीण आहेत ते. लोक येतात, 'किती गोड जोडपं' म्हणून फोटो काढतात. एकाच रक्ताची पिल्लं रानात सोडली, की एक रोग येतो नि सगळी आडवी. तेव्हा फोटोवाले कुठे असतात?"

"मग हिला स्थळ?"

"तुझ्या डबीत."

"म्हणजे नवरा अंड्यातून निघेपर्यंत बिचारीने थांबायचं?"

"थांबेल. माझ्याइतकी तापट नाही ती."

तो बघत राहिला—जरा जास्तच वेळ. आणि जाताना म्हणाला, "येतो गं, कझिन!"

मी थिजले. आम्ही माओरी माणसं पेट्रोल भरणाऱ्यालाही कझिन म्हणतो. पण त्याची आणि माझी आजी एकाच किनाऱ्यावरच्या! आणि आमच्यात चुलत, मामे, आते—सगळे भाऊच.

तो अंडी आणत राहिला, मी खेकसत राहिले. पोपटांच्या पिढ्यान् पिढ्या मला पाठ. स्वतःच्या पणजोबांचं नाव माहीत नाही! झोप उडाली. हातून दोन बशा फुटल्या. शेवटी सभाघराच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या आत्यासमोर उभी राहिले. रिपेका आत्याला अख्ख्या किनाऱ्याची वंशावळ तोंडपाठ. ती रताळी सोलत होती, तोही तिथेच भांडी घासत होता. असू दे!

"आत्या, मी आणि हा... नात्यात आहोत का?"

आत्याने डोळे मिटले. माझ्या आईपासून वर चढत गेली—नाव, नाव, नाव. एका नावाशी अडखळली. मग त्याची बाजू.

"शेकडो वर्षांपूर्वी होडीतून या किनाऱ्यावर उतरलेला मूळपुरुष तेवढा दोघांचा एक," ती म्हणाली. "अलीकडे काही नाही, मेरेआना. यालाही मी हेच सांगितलंय."

"याला? कधी?"

"पहिली अंडी पोचवली त्याच संध्याकाळी आला होता विचारायला. चिखलाच्या बुटांनी फरशी घाण केली मेल्याने."

मी गर्रकन वळले. "आणि मला बोलला नाहीस?"

त्याचे कान लाल. "मला तू हवीस, हे मला माहीत होतं. तुला मी... कसं कळणार? सारखी ओरडतेस!"

"आवडतोस म्हणून ओरडते, मूर्खा!"

साबणाच्या हातांनीच त्याने माझा चेहरा धरला. मी त्याचं चुंबन घेतलं—आत्यादेखत.

आत्याने पाठसुद्धा फिरवली नाही; रताळी सोलता सोलता बघत राहिली.