आर्विदच्या शेडमधलं लढाऊ विमान

ही गोष्ट खोटी वाटली तर सोडून द्या. पण मी तिथे उभी होते. मिनेसोटातलं आमचं शेत, ऑक्टोबरमधला गुरुवार, दिवस कलायला आलेला.

माझा धाकटा भाऊ आर्विद एकटा राहायचा. लग्न नाही, कुत्रंही नाही. त्याच्याकडे होतं फक्त एक लढाऊ विमान.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरावाच्या उड्डाणात ते आमच्या दलदलीत पडलं होतं. वैमानिकाचा देह सरकारनं नेला, विमान तिथंच सोडलं. पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही. आर्विदनं ते तुकड्यातुकड्यानं चिखलातून काढलं आणि शेडमध्ये जोडलं. इंजिन गंजून दगड झालं होतं.

तरी रोज संध्याकाळी आतून आवाज यायचा...

"मोकळं आहे?"

विमानाच्या नाकावरचा पंखा सुरू करण्याआधी वैमानिक असं विचारतो. समोर कुणी नाही, हे खाली उभ्या माणसानं सांगायचं. मगच निघायचं.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला थर्मास पडला.

"घाबरतेस काय, म्हातारे," आर्विद म्हणाला. "भला पोरगा आहे."

"मग उत्तर दे की त्याला."

"दिलं तर जाईल तो."

पुढे सरकारी नोटीस आली. विमान सरकारचं होतं, सरकारचंच आहे. आर्विद कोर्टात हरला. त्या गुरुवारी दोन अधिकारी ट्रक घेऊन आले.

"पन्नास वर्षं झोपला होतात का?" आर्विदनं विचारलं.

"सरकारची वस्तू पडून राहिली म्हणून तुमची होत नाही, आजोबा."

"मग माझी दलदलही न्या. तिचा चिखल अजून चिकटलाय विमानाला."

त्यांनी पंख सोडवले. पंखा काढला. धड ट्रकवर चढवलं. ड्रायव्हर ट्रक मागे घेऊ लागला.

आणि...

"मोकळं आहे?"

आर्विदनं माझा हात घट्ट धरला.

ड्रायव्हरला वाटलं, मागून साहेब रस्त्याचं विचारतायत. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मोकळं आहे, चला."

"नको," आर्विद म्हणाला. अगदी हळू.

ट्रकचं इंजिन आपोआप बंद पडलं.

वारा नव्हता. तरी समोरचं वाळलं गवत आडवं झालं. एक सरळ पट्टा शेतातून धावत गेला... कुंपणापर्यंत. कुंपणापलीकडचं गवत उभंच होतं.

आवाज कसलाच नाही.

थोड्या वेळानं ट्रक पुन्हा सुरू झाला आणि गेला. आर्विद शेडच्या दारात बसून राहिला. मग म्हणाला, "गेर्डा, आज जेवून जा ना."

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी थांबवलं नव्हतं.

आता तो रोज त्या पट्ट्यावर कंदील लावतो. उतरायला दिसावं म्हणून.

मागच्या आठवड्यात एकदा मीही थांबले होते. हवा स्तब्ध. कुंपणाकडचा कंदील विझला...

मग त्याच्या अलीकडचा...

मग आणखी अलीकडचा.

आर्विद धावत जाऊन शेडचं दार उघडून उभा राहिला.

पट्ट्याच्या मध्यावर सगळं थांबलं. आमच्या बाजूचे कंदील जळतच राहिले.

"विमान दिसलं नाही ना त्याला," आर्विद म्हणाला. "परत गेला असेल."



मला नाही वाटत तो गेला. तिथल्या गवतात एक जागा दबलेली आहे, माणूस उभा राहावा एवढी. रोज बघते मी. ती रोज शेडच्या आणखी थोडी जवळ असते.