चारशे बारा शब्दांची फाइल

रविवारी सकाळी पाली वर्गाचा संगणक सुरू केला, तर शब्दकोशाची फाइल (एका नावाखाली संगणकात साठवलेला मजकूर) जागेवर नव्हती. चारशे बारा पाली शब्दांचे मराठी अर्थ तेरा विद्यार्थ्यांनी आठ महिने खपून स्वतःच्या बोटांनी टंकले होते. खोलीला कुलूप होतं, संगणकाला धक्काही लागला नव्हता. मग शब्द गेले कुठे?

सन २०५८ मध्ये माणसं यंत्रांशी नुसती बोलत. फाइल हातानं उघडणं, ठेवणं कुणाला येतच नसे. पण पालीचे उच्चार त्या बोलक्या यंत्रांना धड कळत नसत. म्हणून जुन्नरच्या लेण्यांखालच्या या वर्गानं कळफलकाचा जुना संगणक आणला होता. तो आधीपासून चालवता येणारी गावात एकटी उत्पला; बाकीच्यांना तिनंच शिकवलं. वय वर्षं बारा. केस पांढरे झालेले विद्यार्थी तिला 'बाई' म्हणत, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या डोक्यात थोडी हवा गेली होती.

वर्गातला यंत्रमानव मणी चाकांवरून पुढे आला. त्यानं संगणकाची नोंदवही (कुणी, केव्हा, काय केलं याची आपोआप होणारी यादी) वाचली.

"शनिवार, चार वाजून दहा मिनिटं. भंते सुमेध यांनी फाइल उचलून साठवणकांडीवर (मजकूर सोबत नेण्याच्या बोटभर कांडीवर) नेली. इथे प्रत उरली नाही. रिकाम्या झालेल्या जागेवर काल संध्याकाळचं ध्वनिमुद्रण लिहिलं गेलं, त्यामुळे पुसलेलं परत मिळणार नाही."

वर्गातले भिक्खू भंते सुमेध उठून उभे राहिले. चूक झाली की ती लपवायची नाही, उभं राहून सांगायची, ही भिक्खूंची रीत.

"मीच नेली. ओढा ओलांडताना झोळीतून कांडी पाण्यात पडली. शोधली, मिळाली नाही. चूक माझी आहे."

उत्पलाचे कान तापले. भंतेंनी काय केलं ते नोंदवहीत होतं. का केलं, ते नव्हतं. ते तिला ठाऊक होतं.

पहिल्याच महिन्यात भंतेंनी विचारलं होतं, "बाई, प्रत काढली की मूळ फाइलीतलं काही कमी होतं का? न दिलेलं घ्यायचं नाही, असं आमचं शील आहे. सगळ्यांचं कमी करून मी कसं घेऊ?"

तिला हसू फुटलं होतं. "होतं ना! प्रत काढून काढून फाइल झिजते," ती म्हणाली होती. "त्यापेक्षा अख्खी उचला आणि वाचून झाली की परत आणून ठेवा."

भंतेंनी गंभीरपणे मान हलवली होती. तेव्हापासून दर शनिवारी ते फाइल उचलून नेत आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन जागेवर ठेवत. दोनदा तिनं ते पाहिलंही होतं. दोन्ही वेळा ती मनातल्या मनात हसली आणि गप्प बसली.

आताही गप्प बसता आलं असतं. पण भंते मान खाली घालून उभे होते, आणि ते तिला बघवेना.

"चूक भंतेंची नाही," ती कशीबशी म्हणाली. "प्रत काढल्यानं फाइल झिजते असं मी त्यांना खोटं सांगितलं. थट्टा म्हणून."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

"मग खरं काय ते सांगा, बाई," भंते म्हणाले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तरी ती फळ्यापाशी गेली.

"फाइल म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबच लांब रांग. प्रत काढताना संगणक ती रांग वाचतो आणि दुसरीकडे तशीच लिहितो. मूळ रांगेतला एकही अंक हलत नाही. तुम्ही गाथा म्हणता, हे लोक ऐकून पाठ करतात, तेव्हा तुमची गाथा कमी होते का?"

"नाही. उलट एक जण विसरला तर दुसऱ्याकडे असते."

"तसंच ते. उचलून नेलं की मात्र संगणक तिकडे लिहितो आणि इथलं पुसतो. मग जगात एकच फाइल उरते, तीही तुमच्या झोळीत."

"पण अर्थ तर आम्हाला पाठ आहेत," भंते म्हणाले.

या वर्गाची पद्धतच तशी होती. आपण टंकलेला शब्द पाठ झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. भंते बसले आणि आपले अर्थ म्हणू लागले. मग दुसरे, मग तिसरे. उत्पला टंकत राहिली. दुपारपर्यंत तीनशे एक्क्याऐंशी अर्थ परत आले.

उरले एकतीस. ते वर्गातल्या शेवंताबाईंचे होते. आईच्या तोंडचे ठेवणीतले शब्द आठवून आठवून त्यांनी ते अर्थ लिहिले होते. शेवंताबाई मार्चमध्ये वारल्या, आणि त्यांचे अर्थ दुसऱ्या कुणालाच पाठ नव्हते.

मणीनं तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. तिन्हींमध्ये एकतीस ओळी रिकाम्या होत्या. त्यांच्याकडे बघता बघता उत्पलाला रडू आलं.

"भंते, मला पाली शिकवाल? या ओळी मी भरीन."

"शिकवीन. पण ते अर्थ तुझे असतील, शेवंताबाईंचे नसतील. त्यांचं नाव तेवढं त्या ओळींपुढे राहू दे."

उत्पलानं नाव टंकलं. खालच्या ओळीवर पुन्हा टंकलं. मग पुन्हा.

"एकदाच टंकून प्रती काढता येतात," मणी म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि चौथ्यांदा टंकू लागली.