निळं आभाळ आधी पोचलं

वादळाची सूचना गावात सगळ्यांच्या फोनवर क्षणात उघडली. मग समुद्रातल्या बाबांपर्यंतच ती का पोचली नाही?

चारूला उत्तर अर्धंमुर्धं ठाऊक होतं, म्हणूनच ती खाली मान घालून बसली होती. गावच्या होड्यांसाठी हवामानाचं पान तिनंच बनवलं होतं. वर बंदराचा मोठा सुरेख फोटो आणि त्याखाली सूचना. दूर समुद्रात सिग्नल क्षीण असतो. बाबांच्या फोनवर फोटोतलं निळं आभाळ तेवढं उतरलं आणि पान अडकलं. बाबा परतले ते मोडका हात गळ्यात बांधून. ते रागावले नाहीत. जेवताना हसून एवढंच म्हणाले, "आभाळ मात्र छान होतं गं तुझं."

चारू ताट तसंच ठेवून उठली.

तिची जानकीआत्या चंद्रावरच्या वसाहतीचे फोटो पृथ्वीवर आणण्याचं काम करून निवृत्त झालेली. चातुर्मासात ती रोज देवापुढे रांगोळीची तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, काढायची. त्या दिवशी काढून झाल्यावर तिनं घरातल्या टिप्याला, म्हणजे यंत्रमानवाला, पाठमोरं बसवलं. त्याच्यासमोर कोरा पाट आणि रांगोळी ठेवली. मग चारूला म्हणाली, न दाखवता, नुसतं सांगून याच्याकडून अशीच काढून घे.

चारू सांगू लागली. इथे पांढरा ठिपका, शेजारी पांढरा, त्याच्याही शेजारी पांढरा... निरांजन शांत व्हायला आलं तरी एक पाऊल पुरं होईना. टिप्यानं अदबीनं विचारलं, पुढच्या चातुर्मासापर्यंत आटपेल ना? चारूला रडू आलं, हसूही आलं. मग ती थबकली.

"टिप्या, इथून इथवर सलग पांढरी रेघ. झालं पाऊल? आता अशीच तेहतीस."

आत्या हळूच म्हणाली, "तुझा फोटो एकेक ठिपका वेगळा सांगत बसला होता, बाळा."

मग तिनं समजावलं. फोटो पिक्सेलांचा (बारीक रंगीत ठिपक्यांचा) बनतो. आभाळाचे लाखो ठिपके जवळजवळ सारखेच, तेव्हा 'इथून तिथवर निळं' एवढं सांगितलं तरी भागतं. रंगछटांतले अगदी बारीक फरक आपल्या डोळ्यांना कळतही नाहीत, ते गाळता येतात. यालाच प्रतिमा-संक्षेपण (चित्र थोडक्या माहितीत सांगणं) म्हणतात. पान हलकं होतं, लवकर पोचतं.

"आणि वाऱ्याचे आकडे?"

"त्यांतलं कणभरही गाळायचं नाही. ते साध्या अक्षरांत, सगळ्यांत आधी."

चारूनं पान नव्यानं बांधलं. पण बाबा आता ते उघडतच नसत, बिनतारी संचावरून किनाऱ्याला विचारून घेत. हात बरा होऊन ते पुन्हा निघाले, तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, एकदा उघडून बघशील?"

बाबांनी होडी पाण्यात लोटली.

दुपारी किनाऱ्यावरचा बिनतारी संच खरखरला. "चारू, तुझं आभाळ अजून यायचंय. पण वारा कळला. आम्ही मागे वळलोय."

कितीतरी दिवसांनी चारूनं मान वर केली.

"आत्या, चंद्रावरच्या मुलांसाठी पानं कोण बनवतं गं?"