आत गाडी आहे

दीनानाथ त्या दिवशी ट्रॅकवर गेले ते थालीपिठांचा डबा पोचवायला. पुष्करच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि पोरगा उपाशीच घराबाहेर पडलेला. सून संपदा कामाला फ्रँकफर्टला. तेव्हा हॅनोव्हरहून दोन बस बदलून, शेवटचा तुकडा बीटच्या शेतांमधून चालत, हा निवृत्त कारकून दुपारी तीनला तिथे पोचला. नोव्हेंबरचं धुकं खाली उतरलं होतं आणि त्याला ओल्या मातीचा, कुजक्या पाल्याचा वास होता.

पुष्कर स्टॉक कार चालवायचा. दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी गाडी, आत मात्र नुसते लोखंडी नळे. आणि अंडाकृती ट्रॅकवर सतत डावीकडे वळत राहायचं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेल्या दीनानाथांना त्यात नवल वाटलं नव्हतं. गोल फिरून जिथल्या तिथे येणं त्यांच्या खात्यातही चालायचंच, फक्त वेग कमी होता. बढतीचा रस्ता मात्र अजब. अकराव्या वर्षी कोल्हापुरात गो-कार्ट, मग दक्षिणेत फॉर्म्युला गाड्या, मग शिक्षणाच्या निमित्ताने जर्मनी, तिथे पाच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बदलणं, आणि एकतिसाव्या वर्षी ही पहिली चाचणी. ना ज्येष्ठता यादी, ना खातेपरीक्षा. वीस फेऱ्या चांगल्या झाल्या तर पुढच्या हंगामाची सीट. नाही तर फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या सॉफ्टवेअर कंपनीचं नोकरीचं पत्र संपदाने फ्रिजवर लावून ठेवलंच होतं.

"बाबा, देवासारखे आलात," पुष्कर उभ्याउभ्या थालीपीठ तोडत म्हणाला. "आमचा स्पॉटर आजारी पडलाय. तुम्ही मनोऱ्यावर उभे राहाल?"

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"कळायचं काही नाही. हेल्मेट पट्ट्यांनी जखडलेलं असतं, मला मान वळवता येत नाही. शेजारी काय आहे ते वरचा माणूस सांगतो. डाव्या बाजूला गाडी आली की 'आत' म्हणायचं. गेली की 'मोकळं'. तुम्ही 'मोकळं' म्हटल्याशिवाय मी खाली, आतल्या बाजूला वळत नाही."

"आज गाड्या किती?"

"माझी एकटी."

"मग बघायचं काय?"

"काही नाही. पण वर माणूस असल्याशिवाय गाडी सुटत नाही. नियम आहे."

काहीच नाही हे बघायला माणूस नेमणारी पदं फक्त आपल्याकडेच असतात, अशी दीनानाथांची समजूत होती. ती सुधारून, कानांवर हेडफोन आणि कमरेला रेडिओ लावून ते जिना चढले.

वरून ट्रॅक अर्धाच दिसत होता. तिसऱ्या वळणाला पुष्करची पांढरी गाडी धुक्यात जाई, आणि पलीकडून फक्त आवाज फिरत राही. एक, दोन, तीन. दीनानाथ फेऱ्या मोजत होते.

सातव्या फेरीला धुक्यातून दोन गाड्या बाहेर आल्या.

दुसरी पिवळी होती. पुष्करच्या आतल्या बाजूने, दाराला दार लावून चालली होती. एकटी म्हणाला होता. पण एकच अर्ज आलाय म्हणतात तेव्हा दुसरा टेबलावर असतोच, हा दीनानाथांचा अनुभव. समोर असेल ते नोंदवायचं, ते का आहे हे विचारायचं नाही. त्यांनी बटण दाबलं.

"आत."

"काय?"

"आत गाडी आहे."

मग पुष्कर म्हणाला, "बरं." आणि वर, भिंतीच्या बाजूला सरकला.

पिवळी सुटली नाही. फेरीमागून फेरी ती तिथेच. दीनानाथ दर वळणाला "अजून आत" म्हणत राहिले. दहाव्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं, की आवाज मात्र एकाच इंजिनाचा येतोय.

वीस फेऱ्या झाल्या. गाड्या थांबवायच्या जागेत, पिटमध्ये, जायची वाट आतल्या बाजूने होती.

"बाबा, मोकळं?"

"नाही. अजून आत."

एकवीस. बावीस.

"बाबा... ब्रांट म्हणतोय ट्रॅकवर मी एकटा आहे." ब्रांट म्हणजे संघाचा प्रमुख. "ओरडतोय तो. आत्ता आलो नाही तर सीट गेली म्हणतोय."

दीनानाथांनी चष्मा पुसला. पिवळी गाडी मनोऱ्याखालून गेली तेव्हा त्यांना तिचं छत दिसलं. चालकाच्या बाजूने ते आत दबलं होतं, पार दरवाज्याच्या काठापर्यंत. तिथे माणसाचं डोकं मावायला जागाच नव्हती. तरीही गाडी वळण घेत होती. अगदी सफाईने.

"पुष्कर, खाली येऊ नकोस."

"बाबा, वीस वर्षं..."

"येऊ नकोस म्हणतो ना!"

तो आला नाही. पंचविसाव्या फेरीला त्याचं पेट्रोल संपलं. पांढरी गाडी भिंतीला घासत, गचके खात थांबली. पिवळी तिच्याजवळून पुढे गेली. आवाज अजिबात नव्हता. ती धुक्यात शिरली. दीनानाथ वाट बघत राहिले. ती पलीकडून बाहेर आली नाही.

"मोकळं," ते म्हणाले. मग सवयीने, काम संपलं म्हणून, त्यांनी रेडिओ बंद केला.

खाली ब्रांट चिडलेला असेल, सीट गेली असेल, निदान एवढं तरी पदरात पडेल, अशी त्यांची आशा होती. एश्बॉर्नला खुर्ची असते, आणि खुर्ची एका जागी राहते. पण ब्रांटने पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"भिंतीजवळून इतक्या वेगात इथे कोणी चालवलं नव्हतं," तो इंग्रजीत म्हणाला. "आणि मी ओरडत असताना यानं फक्त तुमचं ऐकलं. असाच ड्रायव्हर हवा. पुढच्या हंगामात वर तुम्हीच उभे राहा, मिस्टर दीनानाथ!"

टेबलावर करार होता. पुष्करने सहीही केली होती.

"बाबा, थांबा, गाडी बघा! पुढच्या वर्षीची. कालच रंगवून आली." त्याने गॅरेजचं शटर वर ढकललं.

गाडी पिवळी होती. छत गुळगुळीत, नवंकोरं. रंगाचा वास अजून येत होता.

"कशी आहे?" पुष्कर हसत होता. लहानपणी शर्यतीत जिंकलेली ढाल दाखवताना हसायचा तसा. "बोला ना, बाबा!"

दीनानाथांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गळ्यातल्या हेडफोनमध्ये काहीतरी खरखरलं. त्यांनी कमरेला हात लावला. रेडिओ बंदच होता.

"बाबा..."

पुष्करचाच आवाज, थकलेला. आणि पुष्कर तर समोर उभा होता, ओठ मिटून उत्तराची वाट बघत.

दीनानाथांनी हेडफोन कानाशी नेला.

"कोण?"

"मी, बाबा. तिसऱ्या वळणावर, पिवळ्या गाडीत." मग बराच वेळ नुसती खरखर. "तुम्ही मोकळं म्हणालात ना... म्हणून खाली आलो."