टेपचं दुसरं टोक

आमच्या घरात दाराआडच्या खुंटीला एक टेप लटकते. कातडी डबीतली, तीस मीटरची, बाजूला गुंडाळायची पितळी मूठ. तिच्याबद्दल नियम एकच: दिवस मावळला की टेपला हात लावायचा नाही, आणि काहून ते विचारायचं नाही.

नियम मोठेबाबांचा. मोठेबाबा म्हणजे माझे थोरले चुलते, उत्तमराव. लेखापरीक्षणाच्या खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी मी त्याच खात्यात लागले, तेव्हा पेढा तोंडात असतानाच त्यांनी मला तो नियम ऐकवला. मी "का?" म्हणाले, तर त्यांची बायको, माझी मोठी आई, म्हणाली, "झालं. आली कॉलेजवाली."

त्या टेपची हातभर पट्टी कायम डबीच्या बाहेर लोंबत असते. एकदा भर दुपारी मी ती आत गुंडाळायला गेले. मूठ फिरेना. गंजली असेल म्हणून सोडून दिलं.

सोळा जानेवारीला, गुरुवारी, मी हिंगोलीहून शेवटच्या गाडीने सेनगावला उतरले आणि तिथून जीपने घरी आले. एका कागदासाठी आले होते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मला अहवाल द्यायचा होता.

कनेरगाव नाक्याकडच्या एका माळावर जुनी धावपट्टी आहे. वर्षातून दोन-चारदा कुणी मोठा माणूस उतरतो, एरवी तिथे रोही, म्हणजे नीलगायी, चरतात. सरकारी पैशातून तिची सुधारणा झाली. पट्टी रुंद केली, दिवे लावले, रोही आत येऊ नयेत म्हणून चहूबाजूंनी भिंत बांधली. म्हणजे कागदावर बांधली. पश्चिमेची एकशे चाळीस मीटर भिंत बांधलीच नव्हती, आणि त्या मोकळ्या जागेत रात्री काठी घेऊन उभं राहायचं काम चाँद पाशा नावाच्या चौकीदाराला दिलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये एका रात्री रोह्यांचा कळप त्याला तुडवून गेला.

त्याची बायको मदीनाबी भरपाई मागायला गेली. तिला लेखी उत्तर मिळालं. भिंत पूर्ण आहे, त्यामुळे रोही आत येऊ शकत नाहीत. ज्या अर्थी रोह्यांनी तुडवलं, त्या अर्थी मयत भिंतीबाहेर होता. ज्या अर्थी बाहेर होता, त्या अर्थी कामावर नव्हता.

हे उत्तर मी इतक्या वेळा वाचलंय की मला ते पाठ आहे.

आता दुसऱ्या टप्प्याचा निधी येणार म्हणून पहिल्या टप्प्याची फेरतपासणी निघाली आणि ती माझ्याकडे आली. मी गेल्या आठवड्यात माळावर गेले. भिंत होती. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस मीटर. फक्त तेवढ्याच तुकड्यावर ओली गोणपाटं टाकलेली होती आणि सिमेंट अजून हिरवट होतं. "डागडुजी केली, मॅडम," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. माझी टेप आता काहीच सिद्ध करू शकत नव्हती. तेव्हा भिंत नव्हती, हे सांगणारा माणूस हवा होता. २०२२ च्या तपासणीवर ज्याची सही होती, तो. ती सही उत्तमराव अशी होती.

साडेनऊ वाजले होते. लाईट गेलेली. अंगणात तुरीच्या वाळक्या तुराट्यांची शेकोटी पेटवून सगळे बसले होते. मोठेबाबा बाजेवर, शेजारी माझे पप्पा, मोठी आई चुलीजवळून उठून नुकतीच आलेली. मोठेबाबांची धाकटी, प्रतिक्षा, अकरावीला आहे, ती गुडघ्यांभोवती शाल गुंडाळून बसलेली.

मी पिशवीतून २०२२ च्या तपासणीचा, त्यांच्या सहीचा कागद काढला. मोठेबाबांनी तो हातात न घेताच ओळखला.

"ठेव तो. बस खाली. तुला एक गोष्ट सांगतो."

"मला वेळ नाही, मोठेबाबा."

"रात्रभर वेळच हाय तुला," पप्पा म्हणाले. "मोठा माणूस बोलून राहिला, ऐकून तर घे."

आमच्याकडे मोठा माणूस बोलायला लागला की पोरींनी बसायचं असतं. मी बसले.

"वैजनाथ नावाचा माणूस होता," मोठेबाबा म्हणाले. "आमच्या खात्यातला. ओळखीचा. लई सरळ माणूस."

आमच्या जिल्ह्याच्या खात्यात गेल्या वीस वर्षांत वैजनाथ नावाचा एकही माणूस नव्हता. जुने हजेरीपट मी या महिन्यात दोनदा चाळले होते.

"महाशिवरात्रीची आदली रात्र. दोन हजार बावीस. सोमवार व्हता. वैजनाथ त्या दिवशी सकाळीच त्या माळावर तपासणीला गेला. ठेकेदाराचा माणूस संगं. पट्टी मोजली, दिवे मोजले, तीन बाजूंची भिंत मोजली. चौथ्या बाजूला निघाले तर तो म्हणे, साहेब, जेवण थंड होऊन राहिलं. ढाब्यावर नेलं. जेवून उठेस्तोवर ऊन कललं. म्हणे, पश्चिमेची भिंत बाकीच्यासारखीच हाय. मापाच्या पुस्तिकेत लिवलेली हाय. टेबलावर बसून घ्या उतरवून."

"आणि घेतली उतरवून," मी म्हणाले.

"समदेच घेतात."

"म्हणूनच माणसं मरतात."

"पोरी," मोठी आई म्हणाली, "तोंडाला जरा फडकं बांध."

मोठेबाबा शेकोटीकडे बघत होते. "उतरवून घेणारच व्हता तो. पण संध्याकाळी विश्रामगृहाच्या फाटकापाशी ती बाई बसलेली. मदीनाबी. रडली न्हाई. काही मागितलं न्हाई. म्हणली, साहेब, माझा माणूस मोकळ्या जागेत उभा व्हता. तुमी फक्त एकदा मोजा. बस, एवढंच. वैजनाथला घास गेला न्हाई. पावणेनऊला त्यानं गाडी काढली. टेप घेतली. एकटाच गेला."

"एकटा कशाला?" प्रतिक्षाने विचारलं.

"संगं कोन येनार? दिवसा गेला असता तर ठेकेदार संगं." त्यांनी एक तुराटी मोडून आत टाकली. "अमावस्या लागायला आलेली. माळावर डोळ्यात बोट घातलं तरी दिसत न्हाई असा अंधार. लांब कुठंतरी हळद शिजवून राहिले व्हते, तिचा वास येत व्हता. त्यानं बॅटरी मारली. भिंत आली, आली, आन् एका खांबापाशी संपली. पुढं नुसता माळ. लई लांब, दुसरा खांब. मधी काही न्हाई."

"म्हणजे दिसलं की," मी म्हणाले. "मोजायचं काय राहिलं?"

"नजर चालत न्हाई आपल्या कामात. आकडा लागतो. तुला म्या शिकवायला पायजे का?"

ते बरोबर होतं.

"टेपला दोन माणसं लागतात. एक शून्याला धरतो, एक डबी घेऊन पुढं जातो. शून्यावाला पट्टीच्या टोकाची कडी जागेवर टेकवतो आन् वरडतो, बराबर. मग पुढचा आकडा वाचतो. त्या माळावर कोनीबी साहेब येवो, शून्याला चाँद पाशाच धरायचा. सगळ्यांना त्याचा आवाज म्हाईत. जरा नाकात. बराबर."

मोठेबाबांनी तो शब्द अगदी हळू म्हटला. नाकात.

"वैजनाथ एकटा. त्यानं कडीवर धोंडा ठेवला. डबी घेऊन चालायला लागला. पट्टी ढिली, मागं गवतात सरसर करत येते. तीस मीटर झाले. वाकला. पट्टी ताणायला गेला तर..."

ते थांबले.

"तर?"

"ताणलेली व्हती. अगोदरच. धोंड्यानं पट्टी अशी ताणत न्हाई. माणसाच्या हाताची ओढ कळते. चौतीस वर्षं... म्हणजे इतकी वर्षं टेप धरली की कळते."

पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आन् मागून आवाज आला."

कसला ते आम्हाला कळलं होतं.

"त्यानं खूण केली. तीस. पुढं जायला पायजे, तर शून्यावाल्यानं खुणेपाशी यावं लागतं. तो उभा राहिला. मागं बॅटरी मारली न्हाई. चपला वाजल्या. गवतातून. खुणेपाशी येऊन थांबल्या. तो पुढं गेला. साठ." आणि पुन्हा ते नाकात म्हणाले,

"बराबर."

"नव्वद."

"बराबर."

"एकशे वीस..."

शेकोटीत काहीतरी फुटलं. प्रतिक्षाने माझा दंड धरला.

"शेवटचे वीस. खांबाला हात लागला. एकशे चाळीस. पक्कं माप. दोन माणसांनी घेतलेलं. मग त्यानं मूठ फिरवायला घेतली. पट्टी आत येते... येते... हातभर राहिली. येईना. त्यानं ओढली. तिकडून ओढली. त्यानं पुन्हा ओढली न्हाई."

"मग?"

"मग... अंधारातून इचारलं त्यानं. लई अदबीनं. जित्तेपणी जसा बोलायचा तसाच. लिवलं का, साहेब?"

विहिरीवरची मोटार बंद होती. कुत्रंही भुंकत नव्हतं.

"वैजनाथ म्हणला, सकाळी लिवतो, चाँदभाई. ओढ ढिली झाली. तो गाडीकडं पळाला. हातभर पट्टी तशीच बाहेर. ती पुन्हा आत गेली न्हाई."

"आणि सकाळी?" मी विचारलं.

"सकाळी वरून फोन आला. निवृत्तीला आठ महिने व्हते. थोरल्या पोरीचं लग्न जमलेलं. त्यानं लिवलं..." ते थांबले. "पूर्ण."

प्रतिक्षाने वडिलांकडे पाहिलं. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं होतं. ती मांडवात करवली होती.

"म्हणून सांगतो," मोठेबाबा घाईने म्हणाले. "त्या भिंतीच्या नादी लागू नको. आता भिंत हाय न्हवं? जागेवर हाय. मागच्या तपासणीशी सहमत, एवढं लिव आन् सुटून जा. जो एकदा मोजतो त्याला तो सोडत न्हाई. रोज दिवस मावळला की इचारतो. रोज..."

मी उठले. आत गेले, दाराआड हात घातला आणि खुंटीवरून टेप काढली.

"ए," मोठी आई म्हणाली. "खाली ठेव. रात्र हाय."

मी ती बाहेर आणली आणि बाजेवर मोठेबाबांच्या शेजारी ठेवली. हातभर पट्टी बाजेच्या कडेवरून खाली लोंबायला लागली.

"वैजनाथची टेप तुमच्या घरी काहून आहे, मोठेबाबा?"

ते टेपकडे बघत नव्हते.

"मदीनाबी काल माझ्या कार्यालयात आली होती. पायी आली, बसस्टँडपासून. तीन वर्षांत तिने अकरा अर्ज केलेत. अकरा वेळा तिला सांगितलंय की तिचा नवरा तिथे नव्हताच. मला म्हणाली, बेटा, तू तरी सांग, मग मी दफन कुणाला केलं? मी काय सांगू तिला? आमच्या घरी तुमच्या नवऱ्याची गोष्ट सांगतात, शेकोटीपाशी, पोरींना भिववायला?"

"हळू बोल," पप्पा म्हणाले.

"त्यांची पेन्शन थांबवतील," मोठी आई म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता, त्यात टोमणा नव्हता. "खटला करतील. या वयात जेलात पाठवशील का त्यान्ला? तुझ्या फिया कोनी भरल्या, प्रिया?"

"यांनी भरल्या. माहीत आहे मला." "पाया पडते तुमच्या. खरंच पडते. एक ओळ लिहून द्या. अमुक तारखेला मी स्वतः मोजलं, एकशे चाळीस मीटर भिंत नव्हती. एवढंच. तुम्ही लिहिलं नाही तर उद्या दहाला ती बाई कायमची संपली. यानंतर कुणी तपासणार नाही. भिंत आता खरंच उभी आहे."

मोठेबाबांनी हात टेपपासून लांब घेतला.

"मोठ्यांच्या शब्दापुढं जाऊ नये," पप्पा म्हणाले. "तू सहमत लिव, सही कर आन् विषय संपव."

"नाही."

मी एक कोरा कागद बाजेवर ठेवला. त्यावर पेन ठेवलं.

"मी सहमत लिहिणार नाही. मोठेबाबांनी लिहून दिलं तर तो कागद जोडीन. नाही दिलं तर आज रात्री मी जे ऐकलं ते लिहीन. तारीख, वार, वेळ, आणि वैजनाथच्या जागी खरं नाव. नोकरी गेली तर जाऊ द्या. आणि ही भुताची गोष्ट आहे असं मला पुन्हा सांगू नका. ही साक्ष आहे."

मोठ्या आईने पदर तोंडाला लावला. मोठेबाबा पेनाकडे बघत होते. शेकोटीत नुसते निखारे उरले होते.

प्रतिक्षाने माझा हात दाबला आणि हनुवटीने बाजेकडे दाखवलं.

टेपची हातभर पट्टी आता खाली लोंबत नव्हती. बाजेच्या कडेपासून फाटकातल्या अंधाराकडे ती सरळ होती. आडवी. ताणलेली.

मोठेबाबांनीही ती पाहिली.

त्यांचा हात पेनाकडे गेला.